आधी डोळा बघू

"आधी डोळा बघू."

कुणी मासा घेऊन अंगणात आलं की बाईचं हे ठरलेलं. मासा केवढा, ताजा की शिळा, काही विचारायचं नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, माशाचं डोकं दोन बोटांनी वर करायचं आणि बघत राहायचं. आमच्या शेळीच्या करडालाही तिनं सोडलं नाही. जोयड्याजवळच्या आमच्या वाडीत आज कुणाला तिचं नाव आठवणार नाही. डोळेवाली बाई म्हणा, लगेच हसतील.

कारवारकडून माशांच्या डोळ्यांचा अभ्यास करायला एकटीच आलेली. माझा मुलगा गोव्याला कामाला गेला तेव्हापासून मागची खोली रिकामी होती, तिथं राहिली.

तिला वाम हवी होती, नदीतली, सापासारखी लांब. ही वाम गोड्या पाण्यात वाढते आणि म्हातारपणी समुद्राकडं निघते म्हणे. डोळ्याच्या पडद्यावर एक रंग असतो, त्यानंच दिसतं. वाम निघायच्या आधीच तो बदलतो. नदीच्या तांबूस उजेडाचा जातो, खोल निळ्या पाण्याचा येतो. आमच्या वामेच्या वाटेत तर सुपा धरण आडवं. अडकलेल्या वामेचाही डोळा बदलतो का, एवढंच बाईला बघायचं होतं.

"तिला कुठं ठाऊक असणार अक्का, वाट बंद आहे ते?"

"आणि ठावं झालं तर काय करंल?" मी म्हणाले. ती हसली नाही.

दोन पावसाळे गेले तेव्हा कुठं एक मिळाली. धरण बांधायच्या आधी समुद्रातून वर आलेली असावी, मांडीएवढी जाड, चंदेरी पोटाची. तांबड्या बल्बच्या मिणमिणत्या उजेडात बाईनं तिचे डोळे काढून वाटीत ठेवले आणि ती हात धुवायला विहिरीवर गेली. दारावर कागद होता: आत येऊ नये.

मी तो वाचला. पण तेव्हा मी पन्नाशीची, जगातली सगळी अक्कल माझ्याच पदरात. तिन्हीसांजेला घरातली एकही खोली अंधारी ठेवायची नाही, हे सासूनं शिकवलेलं. कागद माणसांसाठी, लक्ष्मीला कोण अडवणार? निरांजन घेऊन आत गेले. वर ट्यूबही लावली, लक्ष्मीला ठेच लागू नये म्हणून. वाटीतल्या डोळ्यांना नमस्कारसुद्धा केला.

वळले तर बाई दारात. ओरडली नाही.

"गेला रंग," म्हणाली. "उजेडानं उडतो."

"परत येत न्हाई व्हय?"

"जिवंत डोळ्यात येतो. अंधारात हळूहळू भरतो. ही मेलीय, अक्का."

मी पदर तोंडावर घेतला. तिनं तो बाजूला केला. "आधी डोळा बघू," म्हणाली, आणि माझेच डोळे बघत राहिली.

तशी वाम पुन्हा मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात उत्तर न घेताच बाई जीपमध्ये बसली.

मुलगा अजून गोव्यालाच. सणाला नात येते, विचारते, "आज्जी, मागच्या खोलीत दिवा?"

"त्या खोलीत लक्ष्मीला बंदी हाय," मी सांगते.

एरवी कुणी विचारायला नसतं. घरभर दिवा दाखवून झाला की मी तिथं जाऊन बसते. आधी काहीच दिसत नाही. मग खिडकी दिसते. मग फळीवरची तिची वाटी.