घासलेला अंगठा
वर्षाचं तिखट करायला मिरच्यांचे देठ खुडायला बसले, की पहिल्याच ठसक्याला मला सोनगीरजवळची मिरच्या वाळत घालायची ती पथारी आठवते. तिथल्या बायांची बोटं देठ खुडून आधी जळायची, मग बधिर व्हायची. हजेरी अंगठ्याच्या मशीनवर होती आणि एका मावशींचा अंगठा मशीन घेईना. "मिरचीनं अंगठा खाल्ला," मुकादम म्हणाला. तो त्यांच्या जागी दुसरी बाई बघणार होता. मशीनचं काम आमच्या धुळ्याच्या ऑफिसकडे, म्हणून मला पाठवलं. दोष अंगठ्याचा नव्हताच. डेटाबेस ठशाला मजकूर समजत होता, आणि मजकुरात शून्याचा बाइट दिसला की तिथेच तो संपला असं धरत होता. मावशींच्या ठशात असं शून्य मधेच होतं, त्यामुळे पुढचा ठसा साठलाच नव्हता. शून्य दिसलं तरी न थांबता ठशाची पूर्ण लांबी साठवायची, एवढीच दुरुस्ती मी केली. आता ठसा फक्त नव्याने घ्यायचा होता. त्यांनी अंगठा ठेवला. पडद्यावर एकही रेघ उमटली नाही. "रोज दगडवर घसस मी," त्या म्हणाल्या, "मशीनले मयेल वाटाले नको म्हनीसन." अंगठा मळलेला म्हणून मशीन घेत नाही, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनीच डावा अंगठा पदराला पुसून पुढे केला. "हाऊ ल्या ताई, हाऊ आजून घसेल नही." तो मशीनने लगेच घेतला आणि त्या परत ढिगाकडे गेल्या. आज माझी बोटं बधिर आहेत, फोन माझा अंगठा ओळखत नाहीये. मी तो पुसतसुद्धा नाही.