गाडीचे मालक

बाळांनो, तुम्ही दोघंही या वर्षी तिकडे टोरंटोत नोकरीला लागलात. परवा फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, पेन्शनचे पैसे आधीच कापून घेतात, कुठे जातात कोण जाणे." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ते पैसे कुठे जातात हे मला गेल्या दिवाळीत कळलं, आणि ते कळण्याआधी आणि नंतरही मी फार घाबरलेली होते. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते आहे.

आजोबांचं डायलिसिस सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात असतं. आम्ही राहतो तिथून लांब, कॅसल हिलला. नजर अधू झाल्यापासून मी गाडी चालवत नाही. तुमच्या आत्याची लॅबमधली शिफ्ट सकाळी लवकर सुरू होते. डायलिसिस करून परत येताना आजोबांना पाच मिनिटं उभं राहवत नाही, त्यामुळे ट्रेनचा विचार सोडूनच द्यावा लागतो. त्यांना नेते-आणते ती एक पांढरी व्हॅन. ती हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्री कंपनीची आहे.

ही कंपनी पूर्वी एका कुटुंबाची होती. म्हाताऱ्या मालकाच्या बायकोने शेवटची वर्षं डायलिसिसच्या खुर्चीत काढली होती. ती गेल्यावर त्याने एक व्हॅन रुग्णांसाठी वेगळी ठेवली. ती फिरायची फक्त आमच्या बाजूला, कारण मालकाचं घर इकडे होतं. पलीकडच्या भागातल्या एका बाईंना सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन त्याच्या ऑफिसात जायची. तो चकली मोडून खायचा, ठसका लागायचा, तरी दुसरी उचलायचा. "नो वरीज, तुझ्या नवऱ्याची गाडी मी आहे तोवर चालू," म्हणायचा.

गेल्या वर्षी तो वारला. मुलांनी कंपनी विकली. व्हॅनच्या ड्रायव्हरने आजोबांना उतरवताना सांगितलं, की नवे मालक सगळा खर्च तपासतायत, पुढचं त्यालाही माहीत नाही.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डायलिसिसची एक पाळी चुकली तर काय होतं हे मी एकदा पाहिलं होतं. पावलं सुजतात, मग श्वास लागतो. सकाळी गाडीची वेळ झाली की मी खिडकीशी उभी राहायची. गाडी वळणावर दिसेपर्यंत हातातला चहा तसाच निवायचा. आजोबांना हे कळत होतं. संध्याकाळी मी त्यांचे मोजे काढताना घोटा दाबून बघायची, तेव्हा ते पेपरमध्ये डोकं घालायचे.

दिवाळी आली. मी नेहमीसारखा डबा भरला.

"चकल्या देऊन कंपनी विकत घेणार आहेस का?" आजोबांनी विचारलं.

"अहो, मालकाला भेटून बोललं की काम होतं. मी जन्मभर असंच केलंय."

"मग माझ्या नावाने दोन लाडू जास्त घाल."

आत्याने मला ऑफिसपाशी सोडलं. रिसेप्शनवरच्या मुलीला मी म्हटलं, मालकांना भेटायचंय. ती गोंधळली. मालक असे इथे कुणी बसत नाहीत, म्हणाली. मग एक तरुण मॅनेजरबाई बाहेर आल्या. डबा त्यांनी घेतला नाही. भेटवस्तू घेणं कंपनीच्या नियमात बसत नव्हतं. पण त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर हिरवे टी-शर्ट घालून झाडं लावणाऱ्या लोकांचे फोटो होते. समाजासाठी आता हे करतो, म्हणाल्या.

"आणि व्हॅन?"

"व्हॅन कुणाच्या दारात जाते आणि कुणाच्या नाही, याला काही निकषच नव्हता. जुन्या मालकांची मर्जी होती. आम्हाला आमच्या मालकांना उत्तर द्यावं लागतं."

"ते मालक कोण?"

त्यांनी एका सुपर फंडाचं नाव सांगितलं. इथे प्रत्येकाच्या म्हातारपणासाठी नोकरीतून जे पैसे बाजूला जातात त्याला सुपर म्हणतात. ते सांभाळणारे फंड अशा कंपन्या विकत घेतात.

घरी येताना ते नाव मी आत्याला सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली.

"आई, तो माझाच फंड आहे. माझे पैसे त्यातच जातात."

जेवताना आजोबा हसले. "म्हणजे मला घरी बसवणारी मालकीण आमचीच लेक निघाली."

"बाबा, प्लीज."

मला हसू आलं नाही. जुन्या मालकाच्या वेळी मी एका माणसाच्या मर्जीला भीत होते, पण त्याचा चेहरा मला माहीत होता. आता लाखो मालक होते, त्यांत आमची मुलगीही होती, आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की कॅसल हिलला एक माणूस बूट घालून दारात बसलाय. डबा कुणाकडे न्यायचा? ही भीती पहिलीपेक्षा मोठी होती.

फंडाची सभासदांची सभा ऑनलाइन होती. आत्याने व्हॅनबद्दलचा प्रश्न लिहून पाठवला आणि आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो. तो वाचला गेला. उत्तर गुळगुळीत होतं, त्यात 'समुदाय' हा शब्द बऱ्याचदा आला. आजोबांनी मध्येच उठून दिवा लावला. त्यानंतरचे काही आठवडे काहीच कळलं नाही. गाडी येत होती आणि प्रत्येक वेळी ती शेवटची असेल असं मला वाटत होतं.

अखेर हॉस्पिटलमधून फोन आला. व्हॅन राहणार होती, पण आता कुणाला न्यायचं हे हॉस्पिटल गरज बघून ठरवणार होतं, आणि गाडी पलीकडच्या भागातही जाणार होती. आमच्या वाट्याला दोन दिवस आले. पलीकडच्या त्या बाई आता पुढच्या सीटवर बसतात आणि आजोबांशी क्रिकेटवरून वाद घालतात. बुधवारी आत्या शिफ्ट बदलून घेते. तिला ते किती दिवस जमेल ते मी विचारत नाही.

कंपनी पुन्हा विकली जाऊ शकते, म्हणून मी अजूनही खिडकीशी उभी राहते. सोमवारी आणि शुक्रवारी पांढरी गाडी येते, आणि आजोबा तिच्यात बसून जातात.