अर्धी बाटली समुद्र

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखोळीची भाजी निवडत बसले होते. तिची भाची बोलत होती. आत्यानं सकाळी चहा टाकला, खुर्चीवर बसली, आणि... पुढचं त्या पोरीला सांगता येईना. मी तिला विचारलं, गॅस बंद केलास का? अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल त्याचा नेम नाही. फोन ठेवला, उरलेली भाजी निवडून पुरी केली आणि मग रडले. आज दीड महिना झाला. अजूनही रविवारी चार वाजले की मी चपला घालते. आधी जवाहरनगरच्या क्वार्टरमधून ऑटोनं आणि रिटायर होऊन भंडाऱ्यात आल्यावर दोन गल्ल्या चालत, दर रविवारचा चहा मी तिच्याकडेच घेतला. फाटकापर्यंत गेल्यावर आठवतं, की आता तिथं चहा टाकणारं कुणी नाही.

आम्ही दोघीही धानाची शेती असलेल्या घरच्या. शिकायला भंडाऱ्यात आलो आणि एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची ही मैत्री. मी आयुध कारखान्यात कारकून झाले, लग्न केलं, मुलंबाळं झाली. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवू लागली आणि एकटीच राहिली. तिच्या घरी प्रत्येक खुर्चीवर एकेक गोटा ठेवलेला असे. आलेल्यानं आधी तो मांडीवर घ्यायचा, मगच बसायचं. मी चिडवायची, तुझ्या सासरची माणसं फार जड आहेत बाई. ती हसायची आणि आणखी एक आणून ठेवायची.

तिचं खरं वेड होतं नाकाडोंगरीकडच्या टेकड्यांचं. त्या भागात लोकांना मँगनीज दिसतं, हिला मात्र त्याच्या आसपासचे संगमरवराचे पट्टे दिसायचे. ती सांगायची, की इथे कधीकाळी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुना साचत गेला. मासे नव्हते, पोवळी नव्हती, तेव्हा शेवाळासारख्या बारीक जिवांनी त्या चुन्याचे थरावर थर चढवून उंचवटे बांधले. पृथ्वीवरची पहिली प्रवाळभिंतच म्हण ना, फक्त प्रवाळाशिवाय. पुढे जमिनीनं तो सगळा चुनखडक पोटात घेऊन दाबला, भाजला. त्याचा संगमरवर झाला आणि त्या जिवांची घरं पुसली गेली. करपलेल्या भाकरीत पिठाचा दाणा शोधावा, तसं तिचं काम. कुठंतरी एक कोपरा न करपता राहिला असेल, एवढ्या आशेवर तिनं उमर काढली.

एकदा मीही तिच्याबरोबर एसटीनं गेले होते. ती ओणवी होऊन दगडावर पाणी शिंपडत होती, कारण कोरडा गोटा तोंड उघडत नाही म्हणे, त्याला आधी पाणी पाजावं लागतं. बांधावरून एक म्हातारे शेतकरी आले आणि बाई काय हुडकून राहिल्या, असं त्यांनी विचारलं. समुद्र, ती म्हणाली. इथं होता, आटला. म्हातारबांनी एकवार त्या टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "समुद्र आटला म्हंता, मंग आमच्या बोडीचं काय घेऊन बसले." त्यांची धानाची बोडी म्हणजे गावातलं लहानसं तळं, तिच्यात त्या साली गुडघाभरही पाणी नव्हतं. कुंदा पुढे कित्येक वर्षं हे वाक्य वर्गात सांगायची.

त्याच टेकडीत तिला तो गोटा सापडला. पाणी टाकलं की त्यात एकावर एक घुमटासारखे थर दिसायचे. ती नुसती हवेत होती. बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक पाहायला आले. त्यांनी भिंग लावलं, उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की ही जिवांची घरं नव्हेत, दाबानं पडलेल्या घड्या आहेत. कुंदानं त्यांना चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. तो गोटा मात्र तिनं टाकला नाही. अंगणातल्या नळाखाली बसवला. रोज हातपाय धुताना त्यावर पाणी पडायचं आणि थर वर यायचे. मी एकदाच विचारलं, मग हे खरं की खोटं? ती म्हणाली, "सायबाचं बरोबर असन. पण मले दिसते त्याचं मी काय करू?"

आणि या बाईनं समुद्र पाहिला नव्हता. सगळी हयात पुराचं पाणी पाहिलं ते वैनगंगेचं. एका वर्षी आम्ही घरची सगळी एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर, गुजरातच्या किनाऱ्याला गेलो. एलटीसीत घरचीच माणसं बसतात, मैत्रीण बसत नाही. ओहोटीला तिथं जिवंत पोवळ्यांच्या कडेनं चालता येतं. मी चालले, आणि पावलापावलाला मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. इथं ती हवी होती. तिथून काही उचलून आणायची परवानगी नाही, म्हणून पाण्याची रिकामी बाटली समुद्रात बुडवून भरून आणली.

बाटली मी तिच्या हातात दिली. ती तशीच अंगणात गेली आणि धार धरून थोडंथोडं पाणी त्या गोट्यावर ओतलं. थर वर आले. ती वाकून त्याला म्हणाली, "ओळखलं का रे?" मग बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. अर्धी बाटली राहू देऊन तिनं बूच घट्ट लावलं. ते कायले ठेवते, असं मी विचारलं, तर म्हणाली, उसनं आणलेलं घरात ठेवू नाही, आपण दोघी जाऊ तवा परत देऊ. मी रिटायर झाल्यावर नक्की जाऊ, असं मी वचन दिलं.

रिटायर झाले. मग मुलीचं बाळंतपण निघालं, मग ह्यांचा मोतीबिंदू, मग माझे गुडघे. दर वेळी मी ओशाळून सांगायची आणि दर वेळी तिचं उत्तर ठरलेलं. "एवढं काहून मनाले लावून घेते? हा गोटा किती वर्षांपासून वाट पाहून राहिला. आपल्यालेच काय घाई आहे?" मला ते ऐकून हायसं वाटायचं. आता स्वतःचाच राग येतो. शेवटच्या रविवारीही मी होळीनंतर जाऊ म्हटलं, तिनं तेच उत्तर दिलं, आणि मी दुसरा कप चहा घेतला.

पंधरा दिवसांमागे भाची घर आवरत होती. खुर्च्यांवरचे गोटे कॉलेजात गेले. फडताळातून बाटली काढून तिनं विचारलं, मावशी, हे शिळं पाणी फेकू का? मी जवळजवळ हिसकावूनच घेतली. तिच्यावर चिठ्ठी होती, दगडांच्या नमुन्यांवर लावायची तशीच, तिच्या बारीक अक्षरात. "समुद्र, अर्धा. दोघींनी परत करायचा."

मी होळीनंतरचं तिकीट काढलं आहे. गुडघे अजून दुखतात, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. चिठ्ठीवरचं ते "दोघींनी" तेवढं काही केल्या वाचवत नाही. मागच्या रविवारी चपला घातल्याच होत्या, तर तशीच चालत तिच्या अंगणात गेले. नळाखालचा गोटा कुणाला उचलेना, म्हणून जागीच आहे. नळ सोडला. थर वर आले, तिला दिसायचे तसेच. बाटली पदराखाली होती. "मले घाई आहे, कुंदा," मी म्हटलं. गोटा वाळेपर्यंत तिथंच बसले, मग नळाला धरून उठले.