वरची कडी

म्हसावदच्या दोधू पाटलाच्या घरात पोर एकटी ठेवण्याजोगी झाली की नाही, हे वयावर ठरत नसे. दाराला आतून दोन कड्या होत्या. वरची कडी जिला टाचा न उचलता लावता येईल, तिच्यावर घर टाकून बाकीच्यांनी खुशाल कापूस वेचायला जावं, असा तिथला नेम. दोधूची धाकटी लेक कौसाबाई; तिच्या दोन्ही मोठ्या बहिणी याच नेमाने मोठ्या ठरल्या आणि सासरी गेल्या. कौसा आठ वर्षांची झाली तरी तिला ती कडी चार बोटं दूरच होती.

रोज सकाळी ती दाराशी हात ताणून उभी राही. तिची आई तापीबाई कडीकडे न बघता पायांकडे बघे.

"टाचा वं, टाचा! कोंबडीगत काय उभी ऱ्हास?"

मग कौसा मुकाट्याने शेताची वाट धरी.

कार्तिकातल्या एका सकाळी मात्र हात कडीला लागला. टाचा जमिनीवरच होत्या. तिने कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"माय, मी मोठी व्हई गई!"

"व्हई गई वं बाई," तापीबाई म्हणाली. "आज तूच घर राख. कोनी उनं तरी कडी काढू नको."

कौसाने घर दोनदा झाडलं. पाण्याचा माठ झाकला, पुन्हा उघडून पाहिला, पुन्हा झाकला. दुपारी दाराशी एक ठेंगणी बाई आणि एक म्हातारा आले.

"पोरी, तीस लागनी वं. दार उघाड."

"माय घर नही. कडी नही काढसू."

"मंग आम्ही काय तहानेनी मरसूत?"

तहानलेला माणूस दारातून परत जाऊ देऊ नये, हेही कौसाला शिकवलेलं होतं. ती पाटावर चढली, खिडकीच्या लाकडी गजांना लोट्याचं तोंड टेकवलं आणि बाहेर धार सोडली. बाई ओंजळीने प्यायली, तोंड पुसलं आणि शेजारच्या घराकडे बघून ओरडली, "ये वं तापीबाई बाहेर! पोर पसंत शे माले."

शेजारचं दार उघडलं आणि कौसाची आई बाहेर आली. ती कापसात गेलीच नव्हती.

ती ठेंगणी बाई होती तळोद्याकडची जसोदाबाई, नवऱ्या मुलाची आई; म्हातारा तिच्या सोबतीला आलेला. नटवून बसवलेली पोर कोणीही दाखवतं, मी एकटी घर राखणारी बघेन, अशी तिची अट होती.

"कडी काढ वं आता," आई म्हणाली.

कौसाने हात वर केला, तेव्हा कडीच्या वर चार बोटांवर शेणाने बुजवलेली दोन भोकं दिसली. सकाळच्या आनंदात दिसली नव्हती. शेण अजून ओलं होतं. ती वाढलेली नव्हती. कडी खाली आली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लग्न झालं. कामाला हात हवा म्हणून जसोदाबाईने तिला लगेच नेलं. घर राखते म्हणून पसंत केलेल्या या सुनेला तिने सात वर्षं एकही दिवस घरात एकटं ठेवलं नाही. बाहेर जाताना दाराला कुलूप, किल्ली कमरेला आणि सून सोबत.

दर आखाजीला भाऊ न्यायला येई. गावच्या इतर सुना माहेरी झोके घ्यायला जात. कौसा "आंग दुखस" म्हणून भावाला परत पाठवी. सातव्या वर्षी तापीबाई स्वतः आली. जसोदाबाई तापाने अंथरूण धरून लेकीकडे होती, बाकीचे खळ्यावर. कौसा पहिल्यांदाच घरात एकटी.

"कौसा, मी शे. दार उघाड."

"कोनी उनं तरी कडी काढू नको, आसं सांगेल शे माले."

"कोन्ही सांगं?"

"तूच."

तापीबाई दारापासून खिडकीशी आली. मग आई म्हणाली, "तीस लागनी, पोरी."

कौसाने लोटा भरला आणि खिडकीच्या गजांना टेकवला. वैशाखाच्या उन्हात उभी राहून तापीबाई लेकीच्या हातची धार ओंजळीत घेत राहिली. लोटा रिकामा झाला तेव्हा कौसाने कडी काढली, आईला जेवू घातलं. पण माहेरी ती त्या वर्षीही गेली नाही.

"आई रडली का गं तेव्हा?" मी कौसाबाईला तिच्या म्हातारपणी विचारलं.

"काय म्हाईत," ती म्हणाली. "तोंड वल्लंच व्हतं तिन्हं."