लाल दोऱ्याचा जोड

बाबा वारल्यानंतर त्यांची जीप सिंदी मेघेतल्या आमच्या अंगणातच उभी होती. दिवेलागणीला तिचा हॉर्न आपोआप वाजायचा. एकदाच, आखूड. बाबा दुकानातून घरी आले की फाटकाबाहेर असाच वाजवायचे.

"आले तुये बाबा," म्हणत आई उठायची, फाटक उघडायची, दोन कप चहा मांडायची आणि नुसत्या चहावरच निजायची. अन्नाला शिवत नसे. वाळून पार काडी झाली होती. मला भुताखेतांच्या गोष्टींचा भारी राग. गाड्यांचं वायरिंग मी बाबांच्याच हाताखाली शिकले, आता वर्ध्यातलं त्यांचं दुकान मीच चालवते. तारेतला दोष शोधायचा सोडून तारेला नमस्कार करत बसायचं? पण बॅटरी सोडते म्हटलं की आई बॉनेटला पाठ लावून उभी राहायची.

एका दुपारी बॉनेटखालून जळका वास आला. मग मात्र मी तिचं ऐकलं नाही. बॅटरी सोडली, तारांच्या जुडग्यावरची टेप सोलत गेले आणि हात थबकला. हॉर्नच्या तारेला नुसताच पीळ मारलेला होता आणि त्यावर लाल दोरा.

आमच्या दुकानाचा एक नेम आहे. घाईत कच्चा जोड मारला, तर त्यावर लाल दोरा बांधायचा. बांधणाऱ्यानेच परत येऊन तो पक्का करायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. बाबांनी हा नेम कधी मोडला नव्हता.

संध्याकाळच्या गारव्याने जुन्या टेपेच्या फटीतून उघडी तार आखडून पत्र्याला टेकत असणार, म्हणून हॉर्न. हे सगळं कळत होतं, तरी माझी पाचावर धारण बसली. शेजारच्या तारेचं आवरणही करपलं होतं.

"पाह्य," आई मागून म्हणाली, "त्यायचं काम बाकी हाये. म्हणून येऊन राह्यले."

"आई, गाडी पेटन. घर पेटन."

"पक्का जोडला, तर मंग ते काऊन येतीन?"

मला रडू फुटलं. तिने पदराने माझे डोळे पुसले. मग वाकली आणि तो दोरा तिनेच सोडला.

मी करपलेली तार बदलली. हॉर्नच्या तारेची टोकं खरवडली, एकमेकांत घट्ट गुंफली, कथील पार आतपर्यंत उतरू दिलं.

"ओढून पाह्यलं का?" आईने विचारलं.

बाबा प्रत्येक जोडाला हेच विचारायचे. आई तर दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. मी ओढलं. सुटलं नाही. वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवली आणि बॅटरी परत लावली.

दिवे लागले. हॉर्न वाजला नाही. आईने तरीही फाटक उघडलं आणि बाजूला सरकली, बाहेर निघालेल्या माणसाला वाट द्यावी तशी. बरंच थांबून तिने कडी लावली.

"वाढ मले," ती म्हणाली.