चार चौकटींची बेरीज

लॅबवाले आजोबा चौतीस वर्षं लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजून निवृत्त झाले. मोजणी मशिनवर गेल्यावर अडगळीत पडलेला मायक्रोस्कोप त्यांनी मागून घरी आणला. सूनबाईंनी कपाळावर हात मारला. पण आता त्यावरच नातीचं गणित चाललं होतं. बाईंनी वर्गात सगळ्यांदेखत ‘डोक्यात बटाटे भरलेत’ म्हटल्यापासून पोरीने गणिताचा धसकाच घेतला होता. चुकेल म्हणून पेन्सिल कागदाला टेकवायची नाही. आजोबांच्या जिवाला तोच घोर. दोन महिने स्वतःच्या अंगात त्राण नव्हतं, सदरे सैल झाले होते, त्याची त्यांना फिकीर नव्हती.

त्या दुपारी त्यांनी आपल्याच बोटाला सुई टोचली. पोरीच्या बोटाला टोचायला त्यांचा हात धजला नसता. थेंबात औषध मिसळून तांबड्या पेशी विरघळवल्या, उरल्या पांढऱ्या. काचेवर आखलेल्या चार चौकटी, प्रत्येकीत सोळा घरं.

“वरच्या आणि डाव्या रेषेला चिकटलेली पेशी आपली. खालच्या, उजव्या रेषेवरची शेजाऱ्यांची. मोज.”

“पहिल्या घरात एकोणीस,” नात म्हणाली.

“शेजाऱ्यांच्याही मोजल्यास ना? परत मोज.”

“एकोणीसच.”

“अगं, दोन-तीन असतात घरात!” आजोबा खेकसले.

नातीने पेन्सिल ठेवली. “मला नाहीच येत गणित. बाई म्हणतात ते खरंय.”

आजोबांनी तिला बाजूला सरकवून डोळा लावला. एकोणीस होत्या. शेजारच्या घरात एकवीस. पुढची त्यांनी मोजली नाहीत. असली काच नोकरीत त्यांनी पाहिली होती, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं तेही त्यांना माहीत होतं. काच नीट भरली नव्हती म्हणायचं आणि पुसून टाकायची, की मिटलं. पोरगी मान खाली घालून नख कुरतडत होती.

“तुझंच बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी चुकलो.”

तिचा चेहरा असा खुलला की त्यांना तिच्याकडे बघवेना. मग तासभर तिने एकटीने चारी चौकटी मोजल्या. बाराशे चाळीस. आजोबांनी सांगितलेल्या हिशेबाने गुणिले पन्नास. बासष्ट हजार, एकही शून्य न विसरता.

तिने रिपोर्टसारखा कागद आखून आणला. “तुम्ही खाली सही करायचात ना? करा.”

चौतीस वर्षं आजोबांनी नाव न वाचता सह्या ठोकल्या होत्या. आज वाचलं. रुग्णाच्या नावापुढे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘माझे आजोबा’.

त्यांनी सही केली.