विजूने विचारलेला कौल

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. गुहागरहून आईच्या शेजाऱ्यांनी फोन केला. "ताई, विजू गेला," ते म्हणाले, आणि मी विचारलं, "कुठे?" मग मी उरलेले बांगडे साफ केले, मीठ-हळद लावली, हात धुतले. महिना उलटून गेला, मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, मोठी बहीण खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची... आत काही हलतच नाही.

विजू माझा धाकटा भाऊ. ताडमाड उंच, किडकिडीत, लांबच लांब बोटं, आणि नजर लहानपणापासून अधू. डोळ्यातलं भिंग धरून ठेवणारे बारीक धागे सैल, म्हणून दोन्ही भिंगं जागेवरून सरकलेली. मान वाकडी करून बघायचा, शाळेत पोरं चिडवायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ग्रामदेवतेला कौल लावला. आमच्याकडे रीतच ती. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. विषय संपला. विजू वाडीत पडलेली सुपारी पायाने चाचपून वेचायला शिकला.

लग्नानंतर मी रत्नागिरीला आले. माझी सई बालवाडीत मान कलती करून फळा बघते असं बाईंनी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी विजू एसटीने येऊन थडकला. म्हणाला, "ताये, हिचं माझ्यासारखं होऊ द्यायचं नाय." कोल्हापूरच्या डॉक्टरांनी समजावलं: सरकलेलं भिंग काढायचं आणि नवं, कृत्रिम भिंग डोळ्याच्या भिंतीला आतून टाक्यांनी पक्कं बसवायचं. फार उशीर केला तर मेंदू त्या डोळ्यांनी नीट बघायला शिकतच नाही. इकडे आईचा हट्ट, कौल लावल्याशिवाय पोरीला हात लावू देणार नाही. माझं डोकंच फिरलं. "तू गप बस गो," विजू म्हणाला आणि आम्हाला घेऊन देवळात गेला. गुरवाने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली तसा हा पुढे झाला. "काका, ऑपरेशन होय की नाय ते विचारू नका. ते ठरलंय. सकाळची गाडी धरायची की दुपारची, तेवढंच विचारा." आईने मान डोलावली तसं गुरवांनी तेच विचारलं: उजवी पडली तर सकाळची, डावी तर दुपारची. पाकळी उजवी पडली. सकाळची गाडी! आई खूश, मी देवळाबाहेर येऊन हसून हसून बेजार. विजू हसला नाही. "अण्णांनी तेव्हा असंच विचारायला हवं होतं..." एवढंच म्हणाला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. पट्टी निघाली आणि थोड्या दिवसांनी सई पलंगावरूनच ओरडली, "मामा, तुझ्या मिशीत पांढरे केस आहेत!" विजू मोठ्याने हसला आणि मग बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

त्याच डॉक्टरांनी बजावलं होतं, हा सैलपणा नुसता डोळ्यांत नसतो. ती उंची, ती लांब बोटं त्यातलीच, आणि हृदयापासून निघणारी मोठी रक्तवाहिनीसुद्धा त्यात कमकुवत असू शकते. सईची तपासणी दर वर्षी करा, मामाचीही करा. सईला तो न चुकता न्यायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. स्वतःचं काय, तर "सुपारी आटपू दे." सुपारी काय, दर वर्षीच असते... वाडीतच छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंतसुद्धा टिकला नाही. तीच रक्तवाहिनी फाटली होती.

परवा सईला घेऊन माहेरी गेले. विजूच्या खोलीत त्याचा पलंग तसाच आहे. साध्या पलंगाबाहेर त्याचे पाय यायचे, म्हणून अण्णांनी सुताराकडून मुद्दाम लांब करून घेतलेला. सई यंदा दहावीला आहे. जाऊन त्यावर आडवी झाली, पाय ताणले, आणि तिच्या टाचा पलीकडच्या फळीला लागल्या.

"आई, मला हा बरोब्बर होतो गं!"

"ऊठ," मी किंचाळले. "ऊठ तिथून आधी!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. सई घाबरून उभी राहिली, आणि मला मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं.